पहिला घाणा

१

माणूस मान वर करत नाही म्हणून त्याला आपलं घर स्वच्छ वाटतं. दिवसातून दोनदा फरशी पुसणाऱ्या घरांमध्ये मी पंख्याच्या पात्यांची वरची बाजू पाहिली आहे, आणि त्यानंतर त्या घरात चहा घेतलेला नाही. स्वभावच तसा. नशिबाने धंदाही तसाच मिळाला, उंचावरची घाण काढायचा. कारखान्यांच्या शेड, मंगल कार्यालयांची छतं, इमारतींच्या बाहेरच्या भिंती. जिथे शिडी पोचत नाही आणि परांची बांधायला जागा नाही, तिथे आम्ही जमिनीवर उभं राहून लांब नळीने पाण्याचा मारा करतो. त्या नळीला धंद्यात लान्स म्हणतात. एकात एक सरकणारे तुकडे असतात, ओढत गेलं की ती पार छतापर्यंत जाते. खालचं टोक खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं, कारण पाणी सुटलं की ती माणसाला मागे ढकलते.

आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या फौजेत भाला धरून उभे राहायचे. आई म्हणते, "घराण्याचं शस्त्र धैर्यशीलनेच चालवलं. फक्त ह्याच्या भाल्यातून साबणाचं पाणी येतं."

लान्स इतकी लांब असते की तिचं टोक डोळ्यांना नीट दिसत नाही. कळतं ते हातांना. भिंत टणक आहे, पोपडा सुटलाय की मागे पोकळी आहे, हे पाण्याच्या धक्क्यावरून तळहातात समजतं. टोक भिंतीला कधी टेकवायचं नाही, वीतभर लांब ठेवायचं, हा पहिला नियम. इतकी वर्षं झाली, माझ्या हातांनी मला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं.

२

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या गल्लीत, तात्यासाहेबांचा फरसाणाचा कारखाना होता. तात्यासाहेब गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नी अहल्याकाकू निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर गणित शिकवलेल्या. त्यांनी कारखाना बंद केला होता आणि शेड भाड्याने द्यायची होती. येणारा भाडेकरू औषधं डब्यांत भरणारा होता. त्याने भिंती पाहून नाक मुरडलं आणि काकूंनी मला फोन केला.

नाक मुरडलं त्यात त्याची चूक नव्हती. आत पाऊल टाकलं तर बूट फरशीला चिकटले. दोन पिढ्यांच्या तळणाची वाफ भिंतींवर बसून तिचा काळा थर झाला होता, बोटभर जाड. उन्हाळ्यात तो ओघळायचा, थंडीत गोठायचा, त्यामुळे भिंतीवर जागोजागी थेंब लोंबत होते. त्या थेंबांत माश्या होत्या, झुरळांचे पाय होते, शेवेचे तुकडे होते, कोणाचे तरी केस होते. खवट तेलाचा वास तर होताच. त्याखाली आणखी एक वास होता. तो ओळखीचा होता, पण कशाचा ते मला आठवेना. मी तोंडाला रुमाल बांधला.

"चालो भाई, लागू या ने," रमाकांत म्हणाला. रमाकांत माझा जोडीदार. पंप आणि पाइप तो सांभाळतो, लान्स मी. वयाने मोठा आहे, पण मला भाईच म्हणतो. त्याला घाणीचं काही वाटत नाही, तो कारखान्यात उभा राहून वडापाव खाऊ शकतो.

मागच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, धूर जायला जाळी लावलेला झरोका होता. त्या झरोक्याशेजारी मला तो डाग दिसला. काळ्या भिंतीवर स्वच्छ डाग. परातीएवढा, लांबट गोल, आणि त्यात भिंतीचा मूळ पिस्ता रंग असा दिसत होता की कालच लावला असावा. पोपडा पडला असता तर खड्डा दिसला असता. तिथे रंग जागच्या जागी होता. वरचं तेल तेवढं गेलं होतं, ताट चाटून-पुसून लख्ख करावं तसं.

"काकू, ते वर कोणी साफ केलं?"

"कोण करणार? तिथे हात पोचेल असा माणूस अजून जन्माला यायचाय."

"पावसाचं पाणी आलं असेल झरोक्यातून," रमाकांत म्हणाला.

पाण्याने तेल जात नाही, हे रमाकांतला माझ्याइतकंच माहीत होतं. 

झरोक्याच्या खाली कोपऱ्यात एक लांबलचक बांबू उभा होता. मी विचारलं तशा काकू हसल्या, पण हसण्यात चीड होती. "हा ह्यांचा उद्योग. रोज सकाळी शेवेचा पहिला घाणा कढईतून निघाला की त्यातली मूठभर पानाच्या द्रोणात घालायची, द्रोण बांबूच्या टोकाला खोचायचा आणि वर धरून उभं राहायचं. सासरे करायचे म्हणून हे करायचे. त्याशिवाय कोणाला एक शेवही तोंडात टाकू द्यायचे नाहीत."

"कोणासाठी?"

"कावळ्यांसाठी म्हणायचे. मी म्हटलं, झरोक्याला जाळी आहे, त्यातून कावळा कसा येईल? तर म्हणे, तुझं गणित शाळेत ठेव." त्यांनी पदराने नाक झाकलं. "हे गेले आणि मी ते थांबवलं. देवाधर्माच्या नावाखाली झुरळं पोसायची, दुसरं काय."

मला काकूंचं पटलं. मी बांबू बाजूला करायला उचलला आणि त्याचं टोक पाहिलं. अवनी, माझी पाच महिन्यांची मुलगी, लाकडी खुळखुळा चघळते. त्याचं टोक जसं गुळगुळीत आणि पांढुरकं झालंय तसंच हे होतं, फक्त फार वर्षांचं. बांबूच्या गाठी झिजून सपाट झाल्या होत्या. त्या अख्ख्या कारखान्यात हाताला न चिकटलेली ती एकच वस्तू होती. मी ती झटकन खाली ठेवली आणि हात पँटला पुसला, पुसण्यासारखं काही नसताना.

३

साबण खालून वर लावायचा आणि पाणी वरून खाली सोडायचं. उलटं केलं तर भिंतीवर ओघळांचे पट्टे उठतात आणि ते जन्मात जात नाहीत. म्हणून पहिला दिवस साबणाचा.

उंचावर काम करणाऱ्याला एक शिक्षा असते. वर जे सुटतं ते खाली त्याच्यावरच येतं. टोपी, चष्मा, रुमाल, रेनकोट, सगळं असूनही काहीतरी वाट काढतंच. दुपारच्या सुमाराला साबणाने फुगलेला एक काळा गोळा सुटला आणि माझ्या रुमालावर आदळून त्याचं पाणी ओठांच्या आत गेलं. कोमट होतं. वर कुठे काही गरम नव्हतं, साबणाचं पाणी थंड, बाहेर माघातली हवा. मी नळाखाली तोंड धरून चुळा भरत राहिलो. रमाकांत म्हणाला, "पोटात गेलं तर जाऊ दे ने, फरसाणच तर आहे." मला ओकारी आली आणि मी खरोखरच मोरीत ओकलो.

मग मी झरोक्याच्या बाजूला वळलो. लान्स पूर्ण ताणली होती. साबण त्या स्वच्छ डागाच्या कडेपर्यंत नेला आणि तेव्हा दिसलं की डाग ओला आहे. माझं पाणी अजून तिथे पोचलं नव्हतं. ओला आणि चकचकीत. त्याच्या खालच्या कडेपासून एक तार लोंबत होती, जाड, पारदर्शक, लाळेची असते तशी. ती हळूहळू लांब झाली, तुटली आणि खाली कुठेतरी पडली.

मी टोक त्या डागावर नेलं. वीतभर अंतर होतं, याबद्दल मला अजूनही खात्री आहे. पण हातात भिंतीचा धक्का आला नाही. काहीतरी मऊ लागलं. टोक आत दबलं, आणि मग त्या मऊपणाने टोकाला धरलं. ओढलं नाही, ढकललं नाही. धरून एकदा सावकाश पुसलं. ते पुसणं तुकड्या-तुकड्यांतून उतरत माझ्या तळहातांपर्यंत आलं. खालून वर, खडबडीत. माझ्या हातांवर काटा आला.

"पाणी बंद कर."

"केम? काय झालं?"

"बंद कर, रमाकांत."

लान्स उतरवली. तिच्या जोडांमध्ये रबराच्या कड्या असतात, त्या सुकू नयेत म्हणून आम्ही त्यांना ग्रीस लावतो. सकाळीच मी बोटाने थापून लावलं होतं. वरच्या तुकड्याच्या कडीवर ग्रीसचा कणही नव्हता. रबर धुतल्यासारखं काळंभोर होतं आणि सगळा तुकडा बुळबुळीत ओला होता. साबणाला फेस असतो. ह्याला फेस नव्हता.

"दाबाने उडालं असेल ग्रीस," रमाकांत म्हणाला.

असेल. साबणाने फुगलेला तेलाचा थर शिऱ्यासारखा मऊ होतो, त्यात टोक रुतलं असेल. माझं पोट बिघडलं होतं. अशी कारणं मी स्वतःला एकामागून एक दिली, आणि प्रत्येक कारण वेगळं घेतलं तर बरोबर होतं. मी लान्स फडक्याने पुसली आणि ते फडकं कारखान्यातच टाकून दिलं.

४

आम्ही त्याच शहरात, अकोट्याला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई विजयमाला, बायको वैष्णवी, अवनी आणि मी. कामाचे कपडे मी घरात आणत नाही. गॅलरीत बादली ठेवली आहे, तिथेच उतरवतो आणि थेट बाथरूममध्ये जातो. त्या दिवशी मी अंगाला तीनदा साबण लावला. तोंडातला कोमटपणा मात्र जात नव्हता. वैष्णवीने जेवायला वाढलं, आमटीवर तेलाचा तवंग होता, तो पाहून मी उठलो.

सकाळी वैष्णवी गॅलरीतून म्हणाली, "आई, तुम्ही ह्यांचे कपडे धुतले? किती छान निघाले."

"मी कशाला हात लावू त्या घाणीला?" आई आतून म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. माझा कामाचा शर्ट, ज्यावर चार वर्षांच्या ग्रीसचे डाग होते आणि ज्याला कुठलीच पावडर पुरी पडली नव्हती, बादलीत स्वच्छ पडला होता. ओलसर होता. कापडाची लव सगळी एका दिशेने बसली होती. मी तो नाकाशी नेला आणि तेव्हा मला तो कारखान्यातला वास ओळखू आला. तो झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा वास होता.

शर्ट मी पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकला. वैष्णवी म्हणाली, "अहो, चांगला शर्ट होता की." मी तिला सांगितलं की आतून फाटला होता. काय सांगणार होतो?

५

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं. ते दृश्य मला एरवी फार आवडतं. वरून खाली काळं सोलून निघतं आणि मागून भिंत येते. त्या दिवशी थराचे तुकडेच्या तुकडे सुटून फरशीवर पडत होते, फदफद आवाज करत, आणि आम्ही ते फावड्याने नाल्याकडे ढकलत होतो. मी झरोक्याची जाळी धुतली, जाळीमागची खाच धुतली, छताच्या पत्र्याखालचे कोपरे धुतले. एखादा कोपरा सोडायचा मोह होत होता, झरोक्याशेजारचाच. पण मी कोपरे सोडत नाही, त्यावरच माझं नाव आहे. यावेळी हाताला काही मऊ लागलं नाही. भिंत भिंतीसारखीच लागली. मी स्वतःवर हसलो देखील.

जेवणानंतर रमाकांत पोत्यावर आडवा झाला. त्याला रोज डोक्याला खोबरेल तेल लागतं, इतकं की कानामागून ओघळतं. मी बाहेर पाइप गुंडाळत होतो. परत आलो तेव्हा तो उठून बसला होता आणि डोक्यावरून हात फिरवत होता. त्याचे केस कोरडे होते, पिंजल्यासारखे, आणि कपाळावरून मागे न जाता सगळे उजव्या कानाकडून डाव्या कानाकडे बसले होते.

"पंखा लावला होता तू?" त्याने विचारलं.

"इथे पंखा कुठे आहे?"

 त्याने उजव्या कानाला हात लावला आणि बोटं पाहिली. ती ओली होती. रमाकांत, जो उकिरड्यावर बसून जेवला असता, त्याने त्या बोटांकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि नळाकडे गेला. खूप वेळ त्याने डोकं नळाखाली धरलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या कामावर तो आला तो गोटा करून. विचारलं तर म्हणाला, "उवा झाल्या होत्या, बस ने."

त्या संध्याकाळी कारखान्यातून निघण्याआधी शेवटचं काम म्हणून मी तो बांबू करवतीने कापला आणि तुकडे भंगारात फेकले. काकूंनी सांगितलं नव्हतं. मला त्याचं ते चघळलेलं टोक पाहवत नव्हतं, एवढंच कारण. काकूंनी भिंती पाहिल्या आणि त्या खूश झाल्या. "ह्या भिंतींना रंग होता हे मी विसरूनच गेले होते," त्या म्हणाल्या. सगळी भिंत पिस्ता रंगाची झाली होती आणि तो स्वच्छ डाग त्यात कुठे होता ते आता सांगता येत नव्हतं.

६

आमच्या घरात मूल तेल लावल्याशिवाय अंघोळीला जात नाही. आई रोज सकाळी अवनीला पायांवर घेऊन टाळूपासून तळपायापर्यंत तेलाने चोळते, मग हॉलमध्ये गॅलरीच्या दारापाशी उन्हात चटईवर ठेवते आणि पाणी काढायला आत जाते. काम संपल्यानंतरच्या सकाळी मी दाढी करत होतो. आईचा आवाज आला.

"वैष्णवी, पोरीला पुसलंस का गं? तेल जरा मुरू तरी द्यायचं."

"मी डबा भरतेय आई, मी आलेच नाही तिकडे."

मी साबण लावलेल्या गालाने बाहेर आलो. अवनी चटईवर पाय उडवत होती, हसत होती. तिचं अंग कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, तेलाचा मागमूस नव्हता, बेंबीत नाही, बोटांच्या बेचक्यांत नाही. तिचं विरळ जावळ मानेकडून टाळूकडे उलटं बसलं होतं. टाळूवर कातडी लालसर झाली होती, मांजराने चाटल्यावर हाताला होते तशी. आणि ती हसत होती वर पाहून. मी मान वर केली.

छताला आम्ही दिवाळीनंतर हात लावला नव्हता. फोडण्यांचा धूर, उदबत्तीचा धूर, पिवळट झालं होतं. चटईच्या बरोबर वर त्यात एक पांढरा स्वच्छ डाग होता. बशीएवढा.

"तुम्ही पुसलंत?" वैष्णवी म्हणाली. "मग पूर्ण तरी पुसायचं."

मी अवनीला उचललं आणि बाथरूममध्ये नेऊन स्वतः साबणाने धुतलं. मला किळस येत होती. माझ्याच लेकीच्या अंगाला हात लावताना किळस येत होती, आणि त्या किळसेची लाज वाटत होती. तिच्या जावळाला तो वास होता.

त्यानंतर मी चटई आतल्या खोलीत हलवली. दुसऱ्या दिवशी डाग आतल्या खोलीत होता. मी आईला तेल बंद करायला सांगितलं. मुलीला पुरळ आलंय, डॉक्टरांना विचारलंय, असं खोटं बोललो. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण तिने तेल लावलं नाही. मला वाटलं, आता त्याला मिळण्यासारखं काही नाही.

पाच महिन्यांच्या मुलाच्या मानेला वळ्या असतात. दूध ओघळून त्यांत साचतं आणि आंबतं. आई ते रोज ओल्या कापसाने काढते. त्या सकाळी ती कापूस घेऊन बसली, अवनीची हनुवटी वर केली आणि म्हणाली, "आज काहीच नाही गं बाई. शहाणी झाली माझी." मी वाकून पाहिलं. वळ्या आतपर्यंत स्वच्छ होत्या आणि लाल होत्या. ओठ लाल होते. जिभेवर दुधाचा पांढरा थर असतो, तोही नव्हता.

वैष्णवीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग म्हणाली, "मिरजेला आईकडे जाऊ का काही दिवस?" मीही तो विचार केला होता. पण ते मकरपुऱ्याहून अकोट्याला माझ्या अंगावरून आलं होतं. मिरजेला आमच्याबरोबर येणार नाही, हे कोण सांगणार?

रात्री पडल्या-पडल्या मला तो परातीएवढा डाग आठवत राहिला. तात्यासाहेब गेल्यावर वर्षभरात तेवढीच भिंत चाटून संपली होती. उरलेली भिंत आयुष्यभर पुरली असती. ती मी दोन दिवसांत नाल्यात घालवली होती, एकही कोपरा न सोडता.

७

सकाळी मी अहल्याकाकूंच्या घरी गेलो आणि म्हटलं, "काकू, एक घाणा तळायचा आहे. कारखान्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोटा केलेला रमाकांत माझ्यामागे उभा होता, त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या हसतील. "कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"कावळ्यांसाठी."

"माझं गणित अजून शाबूत आहे, धैर्यशील."

"माझ्या मुलीसाठी, काकू. मला याहून जास्त विचारू नका."

त्या आत गेल्या आणि बेसनाचा डबा आणि सोऱ्या घेऊन आल्या. वैष्णवी बँकेत गेली होती, अवनी आईजवळ होती. निघताना मी आईला सांगितलं होतं की तिला क्षणभरही खाली ठेवू नकोस. आईने हो म्हटलं होतं, मुलगा हट्टाला पेटला की आया म्हणतात तसं.

कारखान्यात जुनी शेगडी होती. काकूंनी कढई घासून तेल ठेवलं, पीठ भिजवलं, शेव पाडली. स्वच्छ पिस्ता भिंतींमध्ये ताज्या शेवेचा वास भरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला खाण्याच्या वासाने मळमळलं नाही. पहिला घाणा निघाला. काकूंनी मूठभर शेव द्रोणात घातली आणि वर चमचाभर तेल सोडलं. "हे असंच करायचे," त्या हळू म्हणाल्या.

बांबू नव्हता. मी लान्सच्या टोकाला तारेने द्रोण बांधला, पट्टे अडकवले आणि एकेक तुकडा सरकवत वर नेली. पाणी नसलेली लान्स मी कधी धरली नव्हती. मागे ढकलणारा जोर नव्हता. नुसतं वजन होतं, आणि टोकाशी मूठभर शेव. झरोक्यातून सकाळचं ऊन येत होतं, त्यात तो द्रोण लहानसा दिसत होता. मी हात स्थिर ठेवले आणि वाट पाहिली. ज्या स्पर्शाने मी ओकलो असतो, त्या स्पर्शाची मी मनापासून वाट पाहत होतो.

काही आलं नाही. भिंत कोरडी होती. माझे दंड दुखू लागले, मग बधिर झाले. रमाकांतने खालून टेकू दिला. काकू शेगडीपाशी हात जोडून उभ्या होत्या, हात जोडलेत हे त्यांना कळलंही नसावं.

"अजून थोडं धरू ने," रमाकांत म्हणाला.

आम्ही अजून धरलं. मग लान्स उतरवली. द्रोणातली एकही शेव हलली नव्हती. वरचं तेल तसंच होतं, गार झालेलं.

खिशात फोन वाजत होता. आईचा व्हिडिओ कॉल. आईला फोन नीट धरता येत नाही. ती तो पोटाशी धरते, त्यामुळे नेहमी तिची हनुवटी दिसते आणि बाकी सगळं छत.

"कारखान्यात आहेस ना रे? म्हटलं तुझा राग निवाला असेल, तर दाखवावं."

"अवनी कुठे आहे, आई?"

"ही काय, चटईवर. पाणी काढायला गेले होते मिनिटभर. आणि रागावू नकोस, आज तेल लावलं मी. चार दिवसांची कोरडी पोर बघवेना मला."

छत पूर्ण पांढरं होतं. कालपर्यंत बशीएवढा होता तो डाग, आता आईच्या डोक्यामागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्वच्छ पांढरं होतं, ओलं आणि चकचकीत. आईने मान वळवली, फोन हलला, आणि मला त्या पांढऱ्याची कड दिसली. ती छताला चिकटलेली नव्हती. ओली गोधडी दोरीवरून ओघळावी तशी सावकाश खाली येत होती, चटई होती त्या बाजूला, आणि तिचं टोक वळत होतं.

"आई," मी म्हटलं, "तिला उचल. आत्ता."

"उचलते रे बाबा. आधी बघ तरी," आई कौतुकाने म्हणाली आणि फोन तिकडे वळवू लागली. "अजून अंघोळ घातली नाही, आणि पोरगी कशी लख्ख झालीय."